तुमच्या फोटोखालचं वाक्य

प्रिय अहो,

एवढे दोन शब्द लिहिले आणि पेन ठेवून चहा करून आले. अडतीस वर्षं आपला संसार नुसत्या 'अहो'वर चालला. त्याला 'प्रिय' आज पहिल्यांदाच लागलं. हसू आलं तर हसा, घरात मी एकटीच आहे.

पत्राचं कारण एक फ्लेक्स आहे. आपल्या मंडळाच्या नितीननं आज दुपारी मोबाइलवर त्याचा नमुना पाठवला. वर गावदेवी, मधे ढाल घेतलेल्या आपल्या मुली आणि उजव्या कोपऱ्यात तुम्ही. फोटो कर्नाळ्याच्या सहलीतला. ऊन तोंडावर आल्यामुळे तुमचा एक डोळा मिटलेला आहे. आणि खाली लाल अक्षरांत लिहिलंय, 'पूर्वाला खेळवा! दामूकाकांची शेवटची इच्छा पूर्ण झाली.' रविवारी संघाचा सत्कार आहे, तेव्हा हा फ्लेक्स देवळासमोर लागणार. 'काकू, उद्या सकाळी दहापर्यंत ओके कळवा, मग छापायला टाकतो,' असा निरोप आहे.

आता तुम्हीच सांगा, मी ओके कशी कळवू? ते वाक्य तुम्ही बोललाच नव्हता. ते मी बोलले आणि तुमच्या नावावर खपवलं.

थांबा, डोळे वटारू नका. आधी चांगली बातमी ऐका. आपण जिंकलो! बारा गावांच्या स्पर्धेत आपल्या मुलींनी ढाल आणली. मुलांना जे सहा वर्षांत जमलं नाही, ते मुलींनी केलं. आणि ढाल आणली कुणी, तर पूर्वानं. तुम्ही जिला परत पाठवलंत, तिनं. आता डोळे वटारायची पाळी माझी.

आठवतोय ना तो दिवस? गेल्या वर्षी शिमगा झाल्यावर तुम्ही मैदानावर नव्या मुलींची निवड करत होता. तुमचं ते घडीचं स्टूल, गळ्यात शिट्टी, मांडीवर वही. त्यात पूर्वा आली. आपल्या खालच्या आळीतल्या रंजनाची मुलगी. रंजनाला उरणच्या बाजूला कोळीवाड्यात दिली होती. तिथं पटलं नाही, म्हणून ती चार वर्षांच्या पोरीला घेऊन माहेरी आली आणि तळोज्याच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. पोर इथंच वाढली. माझ्या अंगणवाडीत पहिल्या दिवशी खिचडीचं ताट उलटं करून रडली, ती हीच. आता पनवेलच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. पण तुमच्या लेखी ती उरणची. 'भाचीला गावात मान हाय, संघात जागा नाय,' असं म्हणालात आणि तिचं नाव न लिहिता वही मिटलीत.

तुमच्या नियमामागचं कारण मला ठाऊक नाही असं नाही. आपलं नवीन लग्न झालं होतं तेव्हा मंडळानं एका वर्षी बाहेरचे चार खेळाडू आणून खेळवले. ढाल मिळाली. आपली पोरं बाहेर बसून टाळ्या वाजवत राहिली आणि ते चौघं ढालीबरोबर फोटो काढून टेम्पोत बसून निघून गेले. त्यांतल्या एकाचंही नाव पुढे कुणाला आठवेना. तेव्हा तुम्ही देवळात नारळावर हात ठेवून म्हणालात, यापुढे या संघात गावाबाहेरचं कुणी खेळणार नाही. लेक लग्न होईपर्यंत गावाची, सून लग्नानंतर गावाची आणि भाची तिच्या बापाच्या गावाची. चांगला नियम होता. त्या नियमामुळेच आपल्या आळीतली पोरं खेळायला लागली.

पण पूर्वा कुठल्या टेम्पोत बसून जाणार होती हो? तिचं घर आपल्या घरापासून सात घरं सोडून आहे.

त्या दिवशी जेवताना आपलं चांगलंच वाजलं. मी म्हणाले, 'मी पेणची. डोक्यावर अक्षता पडल्या आणि मी एका दुपारी या गावची झाले. ही पोर चौदा वर्षं इथलं पाणी पितेय, आणि ती पाहुणी?' तुम्ही म्हणालात, 'तुजी गोष्ट वेगळी हाय.' मी विचारलं, कशी वेगळी? तर तुम्ही आमटी मागितलीत. वाद हरायला आला की तुम्हाला आमटी लागायची, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. मी वाढली. म्हटलं, उद्या बघू.

असे किती 'उद्या' मी गृहीत धरले होते. दोन महिन्यांनी तुम्ही दवाखान्यात गेलात आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. ते भांडण अर्धंच राहिलं.

तुमची खरी शेवटची इच्छा फक्त मला माहीत आहे. सुक्या बोंबलाची चटणी. 'कुसुम, तिखट काय तरी दे गं, पेज खाऊन जीभ मेली,' असं तुम्ही तीन दिवस म्हणत होता. डॉक्टर नको म्हणाले आणि मी त्यांचं ऐकलं. ऐकायला नको होतं. जन्मभर कुणाचं ऐकलं नाही, आणि नेमकं तेव्हा कशाला ऐकलं? डब्याच्या तळाशी चमचाभर लपवून आणली असती, तर असं काय बिघडणार होतं? ही एक गोष्ट मला अजून टोचते. पण बोंबलाचा फ्लेक्स कोण लावणार?

तर ते खोटं मी कसं बोलले, ते सांगते.

गणपती झाल्यावर देवळाच्या पडवीत मंडळाची सभा भरली. जर्स्यांची पेटी आपल्याकडे असते, म्हणून मी किल्ली द्यायला गेले होते. मुलींच्या संघात चढाई करणाऱ्या दोघी होत्या, त्यांतल्या एकीचं लग्न झालं आणि दुसरीचा गुडघा गेला. नितीन म्हणाला, 'चढाईला कोणच नाय. पूर्वा हाय, पन काकांचा नियम हाय.' झालं, सगळे भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बघायला लागले. जिवंत होता तेव्हा निम्मा गाव तुमच्याशी भांडायचा. गेल्यावर मात्र तुमचा शब्द म्हणजे देवाची वाणी. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते उगाच नाही.

चपला काढतात तिथं रंजना उभी होती. कंपनीतून थेट आली होती, अंगात तोच निळा कोट, हातात डबा. ती आत आलीच नाही. 'काकांचा शब्द कसा मोडायचा,' असं कुणीतरी म्हणालं, तशी ती वळली. तिची पाठ बघितली आणि माझ्या तोंडून गेलं, 'शेवटी ते मला म्हणाले होते. त्या पोरीला खेळवा म्हणाले.'

वाटलं, आता कुणीतरी उठेल आणि म्हणेल, काकू, दामूकाका असं बोलणंच शक्य नाही. पण नितीनच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारे बाळाराम आजोबा म्हणाले, 'दामूचं मन मोठं व्हतं.' अहो, मन मोठं होतं, पण एवढंही नव्हतं, ते मला विचारा की! मी किल्ली ठेवली आणि तडक घरी आले. दोन दिवस संध्याकाळी दिवा लावताना तुमच्या फोटोकडे वर बघायची हिंमत झाली नाही. खाई त्याला खवखवे.

झालं, कबुली दिली. आता मला पूर्वाचं कौतुक करू द्या. खरं सांगायचं तर त्यासाठीच माझा हात शिवशिवतोय.

'कुसुमला कबड्डीतलं काय कळतंय,' हे तुमचं पेटंट वाक्य. पण तीस वर्षं संघाच्या जर्स्या धुतल्या कुणी? आपलं मैदान मातीचं, आणि ती माती मला सगळं सांगायची. पाठ भरलेली असली, म्हणजे गड्याला उचलून आपटलाय. बाही उसवली, म्हणजे पकड सुटता सुटेना. काहीच माती नाही, म्हणजे महाराज मधल्या रेषेवर हवा खाऊन परत आलेत. तुम्ही दारातून 'थोडक्यात हरलो' म्हणत यायचात आणि मी बादलीत बघून ओळखायचे की चांगलं धुऊन काढलंय. तुमचा मान राहावा म्हणून बोलले नाही कधी.

पूर्वाच्या पहिल्या सामन्याला मी गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी जर्स्या आल्या. तिची जर्सी उलगडली, तर पोटाशी लाल चिखलच चिखल आणि पाठ कोरी. नुसती घामाची रेघ. मी ती पुन्हा पुन्हा उलटून बघितली. म्हणजे बघा, पोर पडली होती, पण दर वेळी पुढे पडली होती, आपल्या रेषेकडे. तिला मागे खेचून कुणी उताणी पाडू शकलं नव्हतं. तीस वर्षांत अशी जर्सी मी पाहिली नव्हती. तिथंच नळापाशी ठरवलं, पुढच्या सामन्याला आपण जायचं.

गेले. तुमचं स्टूल घेऊन गेले. पोरांनी मैदानाच्या कडेला तुमची जागा मोकळीच ठेवली होती. मी स्टूल उघडून तिथं बसले. मग कुणीतरी मला शेंगदाण्याची पुडी दिली.

अहो, काय पोर आहे ती! अंगानं एवढीशी. समोरच्या संघातल्या मुली तिला बघून हसल्या, मी बघितलं. 'कबड्डी कबड्डी'चा दम घेते तोसुद्धा इतका हळू की पंच कान पुढे करून ऐकतो. आत जाते, दोन पावलं इकडे, दोन तिकडे, असं वाटतं की भाजी घ्यायला आलीय आणि अजून काही पसंत पडलेलं नाही. आणि मग काय होतं ते दिसतच नाही. पाय कुठून तरी जातो, एकीला लागतो, दुसरी तिच्या कमरेला धरायला जाते आणि ही ओल्या हातातून निवटी मासळी सुटावी तशी सुटून रेषेवर. मध्यंतरापर्यंतच तिनं अकरा गुण घेतले. मला गुण मोजता येतात, आश्चर्य वाटलं ना?

त्यानंतर मी एकही सामना सोडला नाही. माझ्या भावाच्या सुनेचं डोहाळजेवण होतं पेणला, तब्येतीचं निमित्त सांगून टाळलं. एकदा पंचानं पूर्वाचा स्पष्ट दिसणारा स्पर्श नाकारला, तर मी उभी राहून त्याला चष्मा कधी बदलणार म्हणून विचारलं. होय, मीच. जी तुम्हाला तीस वर्षं सांगत होती, मैदानावर ओरडत जाऊ नका, लोक काय म्हणतील! आता नितीन सामन्याआधी मला येऊन सांगतो, 'काकू, आज जरा शांत.' तुम्हालाही तो असंच सांगायचा का?

मधल्या आळीतल्या बायका आता मैदानावर येतात. खारघरच्या टॉवरमधली दोन-चार कुटुंबंही येतात, घरून खुर्च्या घेऊन. पूर्वा आत गेली की सगळे उठून उभे. एका सामन्यात तिच्या चढाईला विमान अगदी डोक्यावरून गेलं, कुणी मान वर केली नाही.

आणि अंतिम सामना. तो कुणाशी पडावा? तिच्या बापाच्या गावाशी! तुमच्या नियमानं ती ज्या संघात असायला हवी होती, तोच संघ समोर. त्यांचा माइकवाला आधीच सांगत सुटला, 'ही पोर मूळची आमची हाय बरं का, मंडळी.' रंजना माझ्या शेजारी जमिनीवर बसली होती. ती एवढंच म्हणाली, 'मूळची हाय, मग चौदा वर्सांत येकदा तरी बगायला यायचं व्हतं.' मी तिला शेंगदाणे दिले.

शेवटची चढाई आली तेव्हा आपण एका गुणानं मागे होतो. त्यांच्या पाच जणी मैदानात. पूर्वानं माती कपाळाला लावली आणि आत गेली. मी बसले होते त्या बाजूच्या कोपऱ्यात त्यांची सगळ्यात दांडगी मुलगी होती. पूर्वा सरळ माझ्याकडे बघायला लागली. अगदी माझ्याकडे. मी म्हटलं, अरे देवा, पोरीला आता कशाची आठवण झाली? मी मान हलवून जा जा केलं. त्यांच्या मधल्या मुली या बाजूला सरकल्या. आणि पूर्वा माझ्याकडे बघता बघताच पलीकडच्या कोपऱ्यात गेली! तिथल्या दोघी हात धरून उभ्या होत्या, एकीला पाय लागला, दुसरीनं हिचा घोटा धरला. पूर्वा पोटावर पडली. दुसरीला घेऊन ती सरपटत आली, हात लांब करून, बोटं मातीत रोवून, आणि पंचाची शिट्टी वाजायच्या आत बोटं रेषेच्या अलीकडे. दोन गुण. आपण एकानं पुढे.

पुढचं मला नीट आठवत नाही. रंजना माझ्या गळ्यात पडून रडत होती आणि मी स्टुलावर उभी होते म्हणे. तुमच्या स्टुलावर मी उभी, पडले असते तर?

त्या दिवसापासून मी अख्ख्या आळीत सांगत सुटले की शेवटच्या चढाईआधी पूर्वानं माझ्याकडे बघितलं. माझा आशीर्वाद घेतला म्हणून जिंकली. चार दिवस मी हेच सांगत होते.

आणि आज फ्लेक्स आला. संध्याकाळी पूर्वा आली, हातात जर्सी. म्हणाली, 'काकू, ही मीच धुतली. रविवारी घालायची हाय ना.' मी उलटून बघितली. बरी धुतली होती, कोपऱ्यात साबण राहिला होता. ती जाईना. उंबऱ्याशी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली. मग म्हणाली, 'काकू, काका खरंच असं बोलले होते? मला खेळवा म्हणून?'

'का गं?'

'फ्लेक्सवर छापतायत ना. ग्रुपवर आलंय.'

एक 'हो' म्हटलं असतं तर संपलं असतं. पण सभेत खोटं बोलताना समोर तुमचा फोटो होता, आणि आज समोर ही पोर होती. मी म्हणाले, 'नाही. ते मी बोलले. ते नाहीच म्हणाले होते, शेवटपर्यंत.'

मला वाटलं, आता हिचा चेहरा पडणार. तर ती म्हणाली, 'मला वाटलंच. काका शब्द फिरवणार नाय. आणि काकू, ते वाक्य वाचून मला कसंतरीच झालं. म्हणजे शेवटी काकांना माझी कीव आली, असं. मला तर काका वेगळंच बोलले होते.'

अहो, आता ऐका. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

तुम्ही वही मिटलीत, पूर्वा रडत मैदानाबाहेर गेली. सगळे घरी गेल्यावर तुम्ही तिला रस्त्यावर गाठलंत, काखेत स्टूल घेऊन. आणि म्हणालात, 'पोरी, जिकडं जायचं हाय तिकडं तू आदी बगतेस. समोरच्याला सगळं समजतं. जिकडं जायचं हाय तिकडं बगू नको.' मग तिला परत मैदानात नेलंत. स्टूल एका कोपऱ्यात ठेवलंत आणि तिला सांगितलंत, स्टुलाकडं बघायचं आणि दुसऱ्या कोपऱ्यात जायचं. एकदा नाही, तासभर. अंधारून येईपर्यंत तिला पळवलंत. शेवटी म्हणालात, 'माजा नियम हाय, मी नाय मोडनार. पन नियम माजा हाय, पाय तुजा हाय. तो वाया नको घालवू.'

'मग फायनलला?' मी विचारलं.

पूर्वा खाली बघून हसली. 'काकू, रागावू नका. मी तुमच्याकडं नव्हते बघत. स्टुलाकडं बघत होते.'

मी काय रागावणार? मी आधी हसले, मग पदर डोळ्यांना लावला, मग परत हसले. पोर घाबरून पाणी आणायला आत गेली.

त्या दिवशी तुम्ही उशिरा घरी आला होता. मी विचारलं, कुठं होता? 'सायकल पंक्चर झाली,' म्हणालात. तेच ते जेवण, तेच आमटीचं भांडण! म्हणजे मी तुमच्यासमोर बसून त्या पोरीची बाजू मांडत होते, घसा कोरडा करत होते, आणि तुम्ही तासभर तिला शिकवून येऊन गप्प भात कालवत होता? एक शब्द बोलला असतात तर काय झालं असतं? आणि मी एवढे महिने समजत होते की या घरात खोटं बोलणारी मी एकटीच.

पण बरं वाटलं. तुम्ही गेल्यापासून तुमच्याबद्दल मला नवीन काही कळलं नव्हतं. सगळं जुनंच परत परत आठवायचं. आज एक नवी संध्याकाळ मिळाली, आणि ती तुमच्याच नकाराच्या दिवशीची निघाली.

तर आता माझं ठरलंय. ते वाक्य तुमच्या फोटोखाली जाणार नाही. तुम्ही न बोललेला शब्द तुमच्या तोंडी घालून मी तुम्हाला मोठं का करावं? आणि त्या पोरीनं बोटं मातीत रोवून आणलेली ढाल तुमच्या इच्छेच्या नावावर का जावी? रविवारी सगळ्यांसमोर मी उठून सांगणार आहे की सभेत मी खोटं बोलले. लोक हसतील. कुणी रागावेल. उरणवाले म्हणतील, ढालसुद्धा खोटीच. पूर्वाच्या पुढच्या वर्षीच्या जागेवर कुणी बोट ठेवेल, याचीच मला खरी धास्ती आहे. म्हणून त्याच दमात मी माझ्या स्वतःच्या नावानं सभेला विचारणार आहे की जी पोर गावात वाढली ती गावाची का नाही. बाहेरून येऊन तीस वर्षं या गावच्या जर्स्या धुतलेली बाई विचारतेय म्हटल्यावर, बघू कोण आमटी मागतं ते.

तुम्ही असता तर विरोधात बोलला असतात, हे मला माहीत आहे. बोला. तुमच्या फोटोकडे बघूनच मी बोलणार आहे.

आता तुम्हाला वचन देते, आणि मी वचन मोडत नाही हे तुम्ही जाणता. स्टूल दर सामन्याला त्याच जागी लागेल. पूर्वा चढाईला गेली की मी त्यावरून जरा बाजूला सरकून बसेन, म्हणजे तिला ते नीट दिसेल. तुमच्या वर्षश्राद्धाला भटजी काहीही म्हणोत, पानावर बोंबलाची चटणी वाढली जाईल, चमचाभर नाही, वाटीभर. आणि उद्या सकाळी दहाच्या आत मी नितीनला फोन करून सांगेन, फोटो तोच राहू दे, एक डोळा मिटलेला, पण खालचं वाक्य बदल. तिथं लिही:

'जिकडं जायचं हाय तिकडं बगू नको. – दामूकाका.'

हे तुम्ही खरंच बोलला होता. याला साक्षीदार आहे.

तुमची,
पेणची कुसुम